बहिणीच्या शाळेचा आमदार कोण?

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. विधान परिषदेच्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाच्या मतदानाला आठ-दहा दिवस उरले होते आणि संध्याकाळी आमच्या मानेवाड्याच्या घरी एका उमेदवाराचा कार्यकर्ता आला. तोही शिक्षकच. शाळा सुटल्यावर घरोघरी फिरत होता. मी तेव्हा एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो, निवृत्तीला चार महिने राहिले होते. धाकटी बहीण त्या दिवशी आमच्याकडे आलेली. दोघंही शिक्षक म्हटल्यावर त्यानं आनंदानं पिशवीतून दोन पत्रकं काढली. मग तिला विचारलं, "मॅडम कोणत्या शाळेत?"

"जिल्हा परिषद. भिवापूर तालुका."

"प्राथमिक?"

"हो."

त्यानं एक पत्रक माझ्या हातात दिलं आणि दुसरं परत पिशवीत ठेवलं.

माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, तिच्या शाळेचा पट विचारला, सतरा म्हटल्यावर हळहळलाही. पण पत्रकं मोजकी होती आणि ज्याला मत आहे त्याच्याच हातात ती जायला हवी होती. बहीण काही बोलली नाही. तो गेल्यावर तिनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "दादा, यात शाळा हा शब्द फक्त अनुदानाच्या पुढे आलाय."

तिचं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. शिक्षक आमदार असावा की नसावा, या वादात मी असावा म्हणणाऱ्यांपैकी आहे. पण तो कोणाच्या मतावर निवडून येतो हे बदललं पाहिजे, असं मला आता ठामपणे वाटतं. प्राथमिक शिक्षकांना या मतदारसंघात मत मिळालं पाहिजे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यातले सात शिक्षक मतदारसंघांतून येतात, सात पदवीधरांतून. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात शिक्षकांसाठी एक-बारांश जागा ठेवल्या आहेत, मात्र मत कोणाला हेही तिथंच सांगून टाकलं आहे: माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत निदान तीन वर्षं शिकवणाऱ्यांना. पहिली ते पाचवी शिकवणारी जिल्हा परिषदेची बाई तीस वर्षं शिकवत असली तरी या यादीत बसत नाही. मी माध्यमिकचा, म्हणून मला मत. एकाच आईची आम्ही दोन मुलं, दोघांचा धंदा एकच, आणि मुलांना बाराखडीपासून तयार करून माझ्यासारख्यांच्या वर्गात पाठवणारी ती, तिला नाही.

१९५० साली या भेदाला काही आधार असेलही. त्या काळी प्राथमिकचे पुष्कळ गुरुजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, होऊन शाळेत लागायचे. विधान परिषद हे जाणत्यांचं सभागृह, तेव्हा शिक्षणाची काही पातळी ठरवू, असा विचार घटनाकारांनी केला असावा. आज माझी बहीण डी.एड. आहे, बी.ए. आहे. तिची तरुण सहकारी पात्रता परीक्षेचा अभ्यास करते आहे, कारण सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं की पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावीच लागेल. पहिली ते आठवी शिकवणाऱ्यांच्या नोकरीवरच आलेला हा प्रश्न. आणि त्यातल्या पहिली ते पाचवीच्या शाळांमधल्या हजारो शिक्षकांना, सभागृहात त्यांच्यासाठी उभं राहायला ज्याला बांधून घ्यावं असा शिक्षक आमदार नाही. ते विनंती करू शकतात, निवेदन देऊ शकतात. पुढच्या वेळी बघून घेऊ, असं म्हणू शकत नाहीत.

मत नसण्याचा परिणाम किती बारीक असतो, हे मला २०२३ च्या निवडणुकीनं दाखवलं. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय होता, जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल, ती देता येणार नाही. सहा आठवड्यांनी मतदान. दोन वेळा निवडून आलेले, भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार हरले आणि विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे, म्हणजे विमाशिचे, सुधाकर अडबाले मोठ्या फरकानं जिंकले. सरकारचं उत्तर सभागृहात आलं आणि शिक्षकांचं मतपेटीतून. मीही पेन्शनचाच विचार करून मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहिले होते. मला स्वतःला जुनी पेन्शन आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सरांना नव्हती. त्यांच्यासाठी लिहिले, आणि आजही त्यात चूक वाटत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझं म्हणणं उलटं वाचलं जाईल. 'शिक्षक फक्त पगारासाठी भांडतात' हे वाक्य मला संताप आणतं. पगार हा वर्गाचाच प्रश्न आहे. २००१ मध्ये सरकारनं 'कायम विनाअनुदानित', म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मागणाऱ्या, शाळांचं धोरण आणलं. त्यातला 'कायम' शब्द निघायला २००९ उजाडलं, आणि अनुदानाचा वीस टक्क्यांचा पहिला टप्पा हातात पडायला २०१६. या काळात जे विनापगारी शिकवत राहिले, त्यांच्यातले कितीतरी सकाळी वर्ग घेऊन संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहीत होते. त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना थकलेला शिक्षक मिळाला. दरवर्षी अधिवेशनात यशवंत स्टेडियमला त्यांचे मंडप पडत, डिसेंबरच्या थंडीत रात्री तिथंच निजत. शिक्षक आमदार तिथं जाऊन बसले, सभागृहात अनुदानाचा विषय मरू दिला नाही, म्हणून तो जिवंत राहिला. शिक्षणसेवकांचं मानधनही असंच. प्राथमिकला महिना ६,००० रुपये वर्षानुवर्षं चाललं, २०२३ मध्ये १६,००० झालं. तेव्हा वेतनाच्या लढाईला मी कमी लेखणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. चाळीस हजारांच्या आतबाहेरचे मतदार, सगळे माध्यमिक-उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयांतले, सहा जिल्ह्यांत पसरलेले. एवढ्या अरुंद यादीतून जो निवडून येतो, त्याचं कामही तेवढंच अरुंद होण्याची ओढ असते. माणूस कितीही मोठ्या मनाचा असो. सकाळपासून त्याच्या दारात उभे राहतात ते संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, अतिरिक्त ठरलेले, वैयक्तिक मान्यता रखडलेले, वेतनाची फरकबिलं अडकलेले. सगळे खरे गरजू, सगळे त्याचे मतदार. दिवस त्यातच संपतो.

याच विदर्भानं याच्या उलट उदाहरणही पाहिलं आहे. प्रा. बी. टी. देशमुख. अमरावतीला प्राध्यापक, नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाचे, 'नुटा'चे, नेते. अमरावतीचं स्वतंत्र विद्यापीठ १९८३ मध्ये झालं. त्याआधी तिकडची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाखालीच होती आणि त्यानंतरही 'नुटा'नं दोन्ही विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना एकत्र धरून ठेवलं. बी.टी. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून गेले आणि जवळजवळ तीन दशकं विधान परिषदेत राहिले. नव्या आमदारांनी त्यांच्याकडून कामकाजाचे नियम समजून घ्यावेत, अशी त्यांची ख्याती. प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीसाठी ते भांडलेच. परंतु नागपुरात माझ्या वयाची माणसं त्यांचं नाव घेतात ते अनुशेषासाठी.

अनुशेष हा शब्द आमच्याकडे इतका वापरला गेला आहे की त्याची धार गेली. मूळ गोष्ट साधी होती. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मानानं कोणता जिल्हा किती मागे आहे, हे प्रा. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीनं मोजलं. १९८४ चा अहवाल. सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष निघाला आणि त्यातला ३९ टक्क्यांच्या आसपास एकट्या विदर्भाचा. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली आणि निधीवाटपाची जबाबदारी राज्यपालांवर गेली. हे सगळं कागदावर. कागदावरचा आकडा दरवर्षीच्या अर्थसंकल्पात उतरतो की नाही, उतरला तर खर्च होतो की दुसरीकडे वळतो, हे कोणीतरी बसून तपासायला हवं होतं. ते काम बी.टीं.नी केलं. तारांकित प्रश्न, अर्धा तास चर्चा, जुन्या उत्तरांशी नव्या उत्तरांची ताडणी. आणि सभागृहात भागलं नाही तेव्हा उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. उत्तरपत्रिका तपासणारा मास्तर जसा एकेक पायरी बघतो तसं. उत्तर बरोबर आलं म्हणून तो गुण देत नाही, मधली पायरी कुठं गेली ते विचारतो. वर्गात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे ही सवय असते आणि विधिमंडळाला तिची फार गरज आहे. शिक्षकाला राखीव जागा का, डॉक्टरला का नाही, शेतकऱ्याला का नाही, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच एक नाव आहे.

पण बी.टी. पदवीधर मतदारसंघातून आले होते, शिक्षक मतदारसंघातून नव्हे, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या मतदारांत वकील होते, कारकून होते, बेकार पदवीधर होते, शेती करणारे पदवीधर होते. एकट्या प्राध्यापकांच्या वेतनावर त्यांना तीन दशकं निवडून येता आलं नसतं. धरणाचं पाणी आणि खेड्यातली वीज हे त्यांच्या मतदाराचे प्रश्न होते. मतदारयादी रुंद होती, म्हणून त्यांच्या बुद्धीला रुंद रान मिळालं. अर्थात त्याच यादीनं शेवटी त्यांना हरवलं, तेही लोकशाहीला धरूनच झालं.

आता हाच हिशेब शिक्षक मतदारसंघाला लावून बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागानं मागवले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं कमी पटाच्या शाळांवरच्या शिक्षकांच्या पदांवर गदा आली. वीसखालच्या पटाच्या शाळा म्हणजे कोणत्या? मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक. माझ्या बहिणीची सतरा पोरांची शाळा त्यातलीच. तिच्या गावातल्या बाया हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठं खुडायला जातात आणि लहान पोरांना बरोबर नेतात. शाळा गावात आहे म्हणून ती सकाळी जाऊन त्यातल्या तिघा-चौघांना हाताला धरून परत आणते. शाळा पाच किलोमीटरवर गेली तर त्यांना कोण आणणार? आणि गडचिरोलीचं काय? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे. तिथल्या टोल्यावरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या, सहा वर्षांच्या माडिया पोराला समूह शाळेची बस कुठल्या रस्त्यानं न्यायची, हे भामरागडच्या शिक्षकाला ठाऊक आहे. भामरागड नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघात येतं. पण टोल्यावरचा तो शिक्षक येत नाही.

शाळा बंद होण्याविरुद्ध शिक्षक आमदार बोललेच नाहीत, असं मी म्हणत नाही. बोलतात, आपुलकीनं बोलतात. मात्र आपुलकीनं बोलणं आणि बांधील असणं यात फरक आहे. पेन्शनच्या प्रश्नावर आमदार पडू शकतो, हे २०२३ ला सिद्ध झालं. सतरा पटाची शाळा बंद झाली म्हणून शिक्षक आमदार पडल्याचं कोणी ऐकलं आहे का?

उन्हाचंही तसंच. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात, कारण इथला उन्हाळा लांबतो. २०२५ मध्ये मात्र पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत लावल्या गेल्या आणि विदर्भातल्या शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी विरोध केला. एप्रिलअखेर पारा ४३-४४ ला टेकलेला असताना टिनाच्या छपराखाली दुसरीतलं पोरगं पेपर कसं लिहील, हे सांगायला आकडेवारी लागत नाही, त्या खोलीत उभं राहिलेला माणूस लागतो. आमच्या माध्यमिकच्या इमारतींना बहुधा स्लॅब आहे. टिनाखाली उभी असते ती बिनमताची बाई.

या मागणीवर तीन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, प्राथमिक शिक्षक पदवीधर असेल तर पदवीधर मतदारसंघात मत देऊ शकतो, मग ओरड कशाला. माझी बहीण देते. पण तिथं ती लाखोंतली एक पदवीधर आहे; शिक्षक म्हणून तिला काय हवं, ते तिथं कोणी विचारत नाही. शिवाय मी बी.एस्सी. असून दोन्हीकडे मत देत होतो, त्याला कोणी हरकत घेतली नाही. दुसरा आक्षेप, यादी फुगेल, प्राथमिकवाले संख्येनं माध्यमिकवाल्यांना गिळून टाकतील. ही भीती खरी आहे आणि ती माझ्याच बांधवांची आहे. स्टाफरूममध्ये ती उघड बोलली जात नाही, संघटनांच्या बैठकीत हळू आवाजात बोलली जाते. यावर उपाय जागा वाढवण्याचा असू शकतो, एक-बारांशाचा वाटा फिरून ठरवण्याचा असू शकतो. दार बंद ठेवणं हा उपाय नव्हे. तिसरा, जिल्हा परिषद शाळांत राजकारण शिरेल. ज्या बाईला सरकार बीएलओ म्हणून दारोदार पाठवून गावची मतदारयादी करून घेतं, तिच्या हातात स्वतःची एक मतपत्रिका दिली तर राजकारण शिरेल, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

राजकारण शिरण्याची वाट आज वेगळीच आहे. शिक्षक मतदारसंघातून उभं राहायला शिक्षक असणं कायद्यानं आवश्यक नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाच्या खटल्यात हेच सांगितलं, की उमेदवार पदवीधर असायला हवा अशी अट न्यायालयाला घालता येणार नाही. म्हणून मुंबईत पत्रकारितेतून आलेले कपिल पाटील शिक्षक मतदारसंघातून तीनदा निवडून आले, आणि त्यांनी शिक्षकांसाठी काम केलं हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत. पण याच वाटेनं राज्यात संस्थाचालकही शिक्षकांचे प्रतिनिधी झाले आहेत. मतदार म्हणून नाव घालायला 'नमुना १९' भरावा लागतो आणि त्याला संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शिक्षकाची नोकरी ज्याच्या हातात, त्याच्याच कार्यालयातून प्रमाणपत्र. आणि उमेदवारही तोच किंवा त्याचा माणूस असेल तर? जिल्हा परिषदेचा शिक्षक निदान या एका दडपणातून मोकळा आहे, त्याचा मालक कोणी संस्थाचालक नाही. त्यांची मतं यादीत आली तर संस्थांच्या गठ्ठा मतांचं वजन आपोआप उतरेल. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकाचा पगार निघायला लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचं, प्रकरण बाहेर आलं, न झालेल्या नियुक्त्यांवर सरकारी पगार निघत होते, तेव्हा हे संस्था आणि शिक्षण कार्यालय यांचं नातं किती सडलं आहे ते सगळ्यांनी पाहिलं. प्रामाणिक शिक्षकांनाही त्या काळात लोक संशयानं बघत होते. माझ्या ओळखीतल्या एका तरुण सरांना सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या मामानं विचारलं, "तुमची आयडी खरी आहे ना?"

घटना बदलावी लागेल, ते काही होणार नाही, असं म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. कलम १७१ चं दुसरं उपकलम मात्र तसं म्हणत नाही. संसद कायद्यानं वेगळी तरतूद करीपर्यंत परिषदेची रचना पुढीलप्रमाणे राहील, असे त्याचे शब्द आहेत. म्हणजे विधान परिषदेची रचना संसद साध्या कायद्यानं बदलू शकते. दोन-तृतीयांश बहुमत लागत नाही. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. त्यांच्यापैकी एकानं अशासकीय विधेयक मांडावं, आणि आपल्या सातही शिक्षक आमदारांनी, पक्ष बाजूला ठेवून, त्यासाठी विधान परिषदेत ठराव आणावा. आपला मतदारसंघ आपणच रुंद करा म्हणणारा आमदार स्वतःची जागा धोक्यात घालतो, हे मला कळतं. पण वर्गात आपण मुलांना आणखी काय शिकवलं होतं?

नागपूरची पुढची शिक्षक निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येईल. यादी दरवेळी नव्यानं होते आणि १ नोव्हेंबरच्या आधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. मी मे २०२३ मध्ये निवृत्त झालो, माझं नाव त्या यादीत नसेल. बहीण २०२७ मध्ये निवृत्त होईल. तिचा हिशेब मी करून ठेवला आहे: नोव्हेंबर २०२२ ते निवृत्ती, साडेचार वर्षं. कायदा तोवर बदलला तर ती बसते. परवा तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तेव्हा आमची शाळा असेल का ते आधी सांग." या वर्षी पट चौदा आहे.